मधून मोडणारी रिवॉल्वर

अगं बसा गं, टायपिंगच्या बाई आत्ताच चहाला गेल्यात, आधीच्या बॅचचा खडखडाट चालूये अजून, तेवढ्यात माझं सांगून होईल. म्हणजे मी भराभर बोलले तर. नाही, मी नाही बसत, तुम्ही बसा. रविवारपासून मला एका जागी बसवतच नाही. काल जेवताना ताटावरून सारखी उठत होते, तर भामाकाकी म्हणाली, "काय गो नीता, पाटाखाली मुंग्या हायत का?"

तर आमच्या तुळशीरामकाकांची रिवॉल्वर. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, कोन गावाला आमचं घर एकत्रच आहे. आजोबांचं खाडीला मिठागर होतं, त्याच्या राखणीसाठी त्यांनी लायसन काढलं आणि मुंबईच्या एका पारशाकडून ही विलायती वेब्ली घेतली. मग आजोबा गेले, लायसन काकांच्या नावावर आलं, मिठागर सरकारात गेलं, आणि रिवॉल्वर तेवढी राहिली. बत्तीस बोरची आहे. काळीसुद्धा नाही आता ती, धारेधारेचा काळा रंग उडून आतलं पांढरं लोखंड दिसतं, जुन्या विळीचं पातं असतं ना तसं. दिसायला काही म्हणजे काही नाही!

पण ती मधून मोडते. तुटत नाही गं, मोडते. अशी. अंगठ्याने वरची कळ दाबायची आणि नळी खाली वाकवायची, अडकित्ता उघडतो ना, तश्शी. उघडली की काडतुसांचं गोल चक्र समोर येतं आणि त्याच्या मधनं एक चकती वर येते, चांदणीच्या आकाराची, आम्ही तिला तारा म्हणतो. त्या ताऱ्याने सगळी काडतुसं कडेने धरलेली असतात. तो वर आला की सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर उडी मारतात, टणटणटण. मग तारा खट्कन खाली जातो. आत बघायचं, भोकांतून पलीकडचं आकाश दिसतं. नवी भरायची, मिटायची. झालं. मला वाटतं माणूस नुसतं हे उघडबंद करायलासुद्धा रिवॉल्वर घेईल.

हसू नका, खरं सांगतेय. एक्क्याण्णवच्या इलेक्शनला सगळ्यांची हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करायला लावली होती ना, तेव्हा मी काकांबरोबर गेले होते. टेबलावर ही एवढी हत्यारं, एकेक काय चकचकीत! आणि जमा करून घेणारा हवालदार आमचीच घेऊन बसला. उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची. मागे लाइन लागलेली. शेवटी काका म्हणाले, "हवालदार, तिला पण इलेक्शनला उभी करताव का?" तेव्हा कुठे त्याने ठेवली.

आणि ट्रिगर. कसं सांगू? घरातला जुना पाटा कसा, वाटून वाटून मधे गुळगुळीत झालेला असतो, नव्या पाट्याला टाकी लावलेली असते आणि तो चटणीत कचकच देतो. तसा हिचा ट्रिगर आहे. आजोबांनी ओढला, काकांनी ओढला, आता मी ओढते. तो कुठे सुटणार हे बोटाला आधीच माहीत असतं. खाणीतल्या क्लबात लोकांकडे हिच्यापेक्षा भारी हत्यारं आहेत, पण प्रॅक्टिस संपली की एकेक जण येतो, "नीता, जरा दे ना, एक राउंड." एकच राउंड म्हणतात आणि पूर्ण भरून घेतात.

हो हो, क्लब. कोनच्या पुढे बंद पडलेली दगडाची खाण आहे ना, तिथेच. तीन बाजूंनी कातळ आहे त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. रिटायर्ड सुभेदार आहेत ते चालवतात. मी काकांच्या रिवॉल्वरवर मारते, काका मागे खुर्ची टाकून बसतात, कारण लायसन त्यांचं. स्वतः नाही मारत आता. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून म्हणतात, "मना टार्गेट दिसत नाय, फकस्त पांढरं कायतरी हलताना दिसतं, उगाच कुनाचा तरी लेंगा फाडीन." नुसते आवाज ऐकतात. आवाजावरून सांगतात, "ही घाईत सोडलीस." आणि खरंच घाईत सोडलेली असते!

आता भरतदादा. काकांचा मुलगा. तुम्हाला माहितीये तो, बिल्डिंगला रेती-खडी सप्लाय करतो, एम-एटीवरून फिरतो आणि शर्टाची वरची दोन बटणं उघडी. त्याला हवं होतं पिस्तूल. मॅगझीनवालं, म्हणजे गोळ्यांची डबी मुठीत सरकवायची असते तसलं, चपटं, कमरेला खोचलं की शर्टावरून अंदाज यावा असं. नेम मारायचा नाहीये त्याला, अंदाज यायला हवाय! मुंबईला हत्यारांचं दुकान आहे कापडियाशेठचं, त्यांच्याकडे कुठल्यातरी साहेबाचं तसलं पिस्तूल आलेलं, बत्तीसचंच. भरतदादा जाऊन बघून आला आणि अदलाबदल ठरवूनच आला. ती द्यायची, हे घ्यायचं. लायसनवर एकच बसतं ना, दोन नाही ठेवता येत.

मी जेवता जेवता ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. म्हटलं, "आणि मी कशावर मारायचं?"

"या पिस्तूलवर मार की. लेटेस्ट आहे. तुझं ते खेळणं किती जुनं आहे ठाऊक आहे का? गोऱ्या साहेबाच्या आज्याच्या वेळचं."

"दादा, लेटेस्ट आहे म्हणून नेम लागतो का?"

"तुझी ती बंदूक बघून चोर हसेल."

"हसू दे ना, हलणार तरी नाही."

काका भाकरी मोडत होते. दोन घास खाल्ले, आमटी मागून घेतली, आणि माझा पाय हलायला लागला. शेवटी म्हणाले, "ऐतवारी तुमची मॅच हाय ना? टीम निवडनार ना सुभेदार?"

म्हटलं हो. राज्याच्या मॅचला तीन जण जाणार.

"तुजा नंबर त्यात लागला तर रिवॉल्वर ऱ्हाईल. नाय लागला तर भरत म्हनतो तसं. मी दोगांचं पन ऐकून घेतलंय, आता माजं डोकं खाऊ नका."

झालं. तिथून माझी झोप गेली. मी कॉलेजला असल्यापासून हिच्यावर मारतेय, माझा अख्खा हात तिच्या मुठीवर घडलाय, आणि आता सगळं एका रविवारावर. रात्री पडल्या पडल्या हवेतच ट्रिगर ओढायचे. काकी म्हणायची, बोटं का वाकवतेस गो, सांधे दुखतात का.

आणि मधे आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला सगळी हत्यारं पुजतात, कोयते, विळे, मिठाचं फावडं अजून आहे एक जुनं, ते, आणि रिवॉल्वर. पण रिवॉल्वरची एक पद्धत आहे आजोबांपासूनची. ती मिटून पुजायची नाही. मधून मोडून, पोट उघडं करून पाटावर ठेवायची. घरातल्या सगळ्यांना, पोरांना, पाहुण्यांना दिसलं पाहिजे की आत काही नाही. आजोबा म्हणायचे म्हणे, बंद हत्यारापुढे मी डोकं ठेवणार नाही. तर तशी उघडी ठेवली. काकीने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं सगळीकडून, हळदकुंकू लावलं, झेंडू, आणि वर अक्षता. काकीच्या अक्षता म्हणजे कशा, मूठभर. कंजुषी नाही. जाता येता प्रत्येकाने टाकल्या, शेजारच्या गोदूबाई आल्या त्यांनी टाकल्या, भरतदादानेही टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुसली. नळीतून चिंधी फिरवली, भोकं साफ केली, टूथब्रशने घासली, पंधरा अक्षता तरी निघाल्या असतील. मला वाटलं झालं.

रविवारी सकाळी खाणीत गेलो. काका खुर्चीवर, त्यांच्या शेजारी तिकाटण्यावर पाण्याचा माठ, काकीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिलेली. आणि साडीच्या दुकानात नवरीकडचे येतात ना तसे भरतदादा आणि कापडियाशेठ टॅक्सीतून उतरले! म्हणजे शेठला बोलावून ठेवलं होतं त्याने. माझा निकाल लागायच्या आधीच. शेठ तसे चांगले आहेत, म्हातारे, बारीक, सफारी घातलेली, हातात चामड्याची बॅग. मला म्हणाले, "बेन, तू मार, मी शांत बसेन." पण त्यांची नजर सारखी माझ्या हातातल्या रिवॉल्वरवर. मला तर वाटत होतं तिला ओढणीखाली लपवावं.

पहिला भाग सावकाश मारायचा असतो. तो मस्त गेला. मस्त म्हणजे, मागून काका गप्प होते, आणि काका गप्प म्हणजे मस्त. माझा दुसरा नंबर होता, दुसरा!

मग रॅपिड. त्यात कसं असतं, सुभेदारांची शिट्टी वाजली की हात वर करायचा, एक गोळी मारायची, शिट्टी वाजली की हात खाली. परत शिट्टी, परत वर. असे पाच शॉट म्हणजे एक सिरीज. हात खाली असताना जो वेळ जातो ना, तो मला खातो. पण हात वर गेला की ती रिवॉल्वर आपोआप टार्गेटवर येऊन बसते, मला काही करावंच लागत नाही. मूठ अशी आहे की मनगट सरळच राहतं. सिरीज संपली, मोडली, टणटणटण, भरली, मिटली. पुढची. भरतदादाचं तोंड उतरत चाललेलं मला न बघता कळत होतं.

आणि शेवटून दुसऱ्या सिरीजला, पहिल्या शॉटला, शिट्टी वाजली, हात वर, ट्रिगर ओढला आणि तो ओढलाच जाईना.

अडकली. ही कधी अडकत नाही! खाऱ्या हवेत राहिलेली, पावसाळ्यात भिजलेली, काडतूस फुसकं निघालं तरी परत ओढलं की पुढचं काडतूस आपलं हजर. आणि आज चक्र फिरेचना.

आता रूल असा आहे. हत्यार अडकलं तर ते तसंच धरायचं, दुसरा हात वर करायचा आणि उभं राहायचं. सुभेदार येऊन बघणार, खरंच अडकलंय म्हणाले की सिरीज परत मारायला मिळते. पण तुम्ही हत्यार उघडायचं नाही. उघडलं की संपलं. हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगीन.

आणि मी काय केलं? माझ्या अंगठ्याने कळ दाबली. मी नाही दाबली गं, अंगठ्याने दाबली! काकांनी पहिल्या दिवशी मला काय शिकवलं होतं? नेम नंतर, उभं राहणं नंतर, आधी हे, की कायबी वाटलं, अडली, घाबरलीस, कोनी हाक मारली, आधी पोट उघड. ते इतकं बसलंय हातात. उघडली. पाचही काडतुसं वाळूत. आणि मिटताना तारा नीट बसेना म्हणून बघते तर ताऱ्याखाली, त्या चकतीच्या खाली, तेलात फुगलेला, गुलाबी, एक तांदूळ.

काकीची अक्षता! कुठेतरी खोबरेलात चिकटून बसली असणार, आधीच्या सिरीजला तारा वर उचलला तेव्हा खाली सरकली. एवढासा दाणा, पण ताऱ्याखाली गेला की चक्र जाम.

सुभेदार आले. खाली वाकून बघितलं. "उघडलीस?"

"उघडली."

"पोरी, रिपीट नाही मिळणार."

"माहितीये."

"मग उघडलीस का?"

बाजूचा एक जण हसला, म्हणाला, देवीने प्रसाद दिला. मी काडीने तो दाणा काढला, फुंकर मारली, मिटली, आणि बघा गं, तिथल्या तिथे चालू. ना स्क्रू काढायचा, ना मिस्त्री बोलवायचा, आगपेटीतली काडी. शेवटची सिरीज मी अशी मारली, अशी मारली की सुभेदार टार्गेटपाशी बराच वेळ उभे राहिले. पण एक सिरीज पूर्ण शून्य. माझा नंबर चौथा.

चौथा! टीम तिघांची.

मी काकांपाशी आले, त्यांनी माठातलं पाणी दिलं. बाकीचे सगळे सुभेदारांबरोबर टार्गेटचे कागद आवरायला टेबलाकडे गेलेले. आणि भरतदादा लगेच, "चला शेठ, काढा."

शेठनी आधी आमची मागितली. मी दिली. काय करणार, शब्द तो शब्द. त्यांनी मोडली, उजेडाकडे धरून नळीतून बघितलं, मिटली, परत मोडली. आणि त्यांचा चेहरा बदलला हो. म्हणाले, "ठाण्याला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे लेटेस्ट पिस्तूल आहे, पण दोन वर्षं मला फोन करतायत, शेठ, वेब्ली आली का, वेब्ली आली का. एक जज्जसाहेब आहेत, ते पण."

मला राग आलेला, मी म्हटलं, "का पण? एवढं काय आहे हिच्यात? बाहेरून येणं बंद झालंय म्हणून?"

"ते पण आहे बेन. पण तसं तर बंद झालेलं पुष्कळ आहे, सगळ्याला कोणी विचारत नाही." ते परत मिटत म्हणाले, "असं बघ. ज्याने ही बनवली ना, त्याला ठाऊक होतं, वापरणारा माणूस घाबरलेला असणार. हात ओले असणार, काही सुचत नसणार. त्या माणसासाठी बनवली आहे ही. आता बनवतात ते हुशार माणसासाठी बनवतात. घाबरल्यावर हुशार कोण राहतो?"

भरतदादा म्हणाला, "शेठ, तुम्ही आमचं विकायला आलाय का तुमचं?"

शेठ हसले आणि बॅगेतून पिस्तूल काढलं. छान होतं, खोटं कशाला बोलू. चपटं, निळसर, पाणी मारल्यासारखं. भरतदादाने ते हातात घेतलं तर त्याचे खांदेच रुंद झाले. सुभेदारांना विचारून त्याने कातळाच्या बाजूला मारून बघितलं, धडाधड. नेम कुठे लागला देवाला माहीत, पण पिस्तूलचं वरचं झाकण मागे येताना त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात चावलं, रक्त आलं थोडं. मी म्हटलं, "दादा, लेटेस्ट चावतं का?" तर रक्त चोखत म्हणतो, "होईल सवय." आवडलंच होतं त्याला, चावलं तरी आवडलं होतं.

मग त्याने मॅगझीन काढून खिशात टाकलं आणि पिस्तूल घेऊन काकांकडे आला.

काका म्हणाले, "खाली हाय का?"

"रिकामं आहे बाबा. हे बघा, मॅगझीन माझ्या खिशात."

"पोट दाखव."

"अहो याला पोट नसतं! मॅगझीन काढलं की झालं. बघा, हे बघा," असं म्हणत त्याने ते काकांच्या बाजूला वळवलं आणि रिकामं आहे दाखवायला ट्रिगर ओढला.

अगं काय आवाज झाला! खाणीत आवाज फिरतो, एकदा झालेला चार वेळा येतो. माठ फुटला. काकांच्या कोपराशेजारी होता माठ, इथे काकांचं कोपर आणि इथे माठ, आणि पाणी सगळं काकांच्या धोतरावर. काका तसेच बसलेले. मला वाटलं, मला वाटलं ते रक्तच आहे. पाणी थंडगार लागलं माझ्या पायांना तेव्हा कळलं पाणी आहे.

एक गोळी नळीच्या मागे राहिलेली असते ना. मॅगझीन काढलं तरी ती आतच. बाहेरून दिसत नाही. शेठ डोकं धरून, "अरे भाई, झाकण मागे ओढून बघायचं, सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना," आणि सुभेदार टेबलाकडून धावत आले. त्यांनी भरतदादाच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि त्याला जे काही बोलले ते मी इथे सांगू शकत नाही, खाली बाईंचा क्लास आहे. क्लबात परत पाय ठेवायचा नाही, हे त्यातलं सगळ्यात गोड वाक्य.

दादा पांढराफटक. काका उठले, धोतर पिळलं. मला वाटलं आता ते म्हणणार, आपली जुनीच बरी. माझ्या मनात लाडू फुटत होते, खरं सांगते, वाईट वाटायच्या ऐवजी लाडू फुटत होते. आणि काका म्हणाले, "शेठ, तुमचं घेऊन जा. आनी ही पन न्या."

"ही पण?"

"दोनी न्या. माज्या घरात आता लोखंड नको. पोरं हायत घरात. आज माठ गेला."

मी म्हटलं, "काका, हिने काय केलं? हिने काही नाही केलं!"

"हिनं नाय केलं गो. पन आता मना रातची झोप येनार नाय."

शेठनी बॅगेतून फडकं काढलं. पिवळं, मऊ फडकं. आमची रिवॉल्वर त्यात गुंडाळायला लागले, बाळाला गुंडाळतात तशी, हळूहळू, आणि मला कळत होतं ठाण्याचा डॉक्टर आज रात्री खूश होणार. मला रडूही येईना, नुसते हात चुरचुरत होते. मी म्हणाले, टीम जाऊ दे, पुढच्या वर्षी, पण ही, काका, प्लीज. काका मान हलवत होते.

आणि तेवढ्यात कोण बोललं सांगा? भरतदादा! खाली वाळूत बसलेला, पिस्तूल चावलेला हात दुसऱ्या हातात धरून. खाली बघूनच बोलला.

"बाबा, ती नका देऊ."

काका म्हणाले, "तू गप. तुजं तोंड बगायची इच्छा नाय मना."

"नका बघू. पण मी लहानपणापासून ती हाताळतोय. तुम्हाला चोरून पण हाताळलीय, ट्रंकेतून काढून. तिच्याने कधी असं झालं नाही. मी हात लावला की आधी मोडूनच बघायचो, दुसरं काही सुचायचंच नाही." आणि मग त्याने पहिल्यांदा काकांकडे बघितलं. "यात मला दिसलंच नाही बाबा. मला वाटलं रिकामं आहे. मी तुमच्याकडेच वळवत होतो. माठ मधे आला."

सुभेदारांनी टोपी काढून परत घातली.

काका त्याच्याकडे गेले. मला वाटलं मारतात आता. त्यांनी त्याचा चावलेला हात बघितला, ओल्या धोतराने पुसला, आणि म्हणाले, "मंग कुनाच्या नावावर ठेवू? तुज्या नाय ठेवनार."

"माझ्या नकोच," दादा म्हणाला, "तिच्या करा."

माझ्या! मी एवढी उडाले की शेठच्या पायावर पडले, म्हणजे चुकून, पाय दिला त्यांच्या बुटावर.

सुभेदार म्हणाले, होऊ शकतं, वय भरलंय, मेंबर आहे, मी लिहून देतो. शेठचा चेहरा थोडा पडला पण माणूस चांगला, म्हणाले, "माझ्याकडे डिपॉझिटला ठेवा, दुकानाच्या तिजोरीत. बेनचं लायसन आलं की घेऊन जा. डॉक्टरना मी काहीतरी सांगतो." मी म्हटलं, तोवर ती घरी राहू दे, पण काकांनी तेवढं मात्र ऐकलं नाही. लायसन येईपर्यंत घरात नाहीच. शेठ ती घेऊन टॅक्सीत बसले. पिवळ्या फडक्याचं टोक बॅगेबाहेर राहिलेलं, टॅक्सी हायवेला लागेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते.

आणि तेव्हापासून हे असं. सोमवारी अर्ज केला. कधी येईल? कोणी म्हणतं दोन महिने, कोणी म्हणतं वर्ष, गोदूबाई म्हणतात बायकांना देतच नाहीत. काल मी शेठला एसटीडीवरून फोन केला, म्हटलं, ठेवलीय ना नीट? ते म्हणाले, बेन, तिजोरीतून कुठे जाईल? म्हटलं, डॉक्टर आले होते का? तर गप्प बसले. गप्प का बसले असतील? मला सांगा, गप्प का बसले असतील? आली असेल ना डॉक्टरांच्या हातात? उघडबंद करत बसले असतील!

आणि ट्रिगर बोटातून जातो गं. रोज ओढला नाही तर जातो. मी काल जात्याच्या खुंट्यावर बोट घासत बसले.

दादा? दादा एम-एटी घेऊन सारखा पोलीस स्टेशनच्या बाहेरून चक्कर मारतो, कागद पुढे सरकला का बघायला. आत जायची हिंमत नाही. शर्टाची बटणं लावलीयेत वरपर्यंत.

आता मुद्दा असा आहे आणि यासाठीच तुम्हाला थांबवलंय. लायसनच्या चौकशीला पोलीस येतात. घरी येतात, शेजारी विचारतात, आणि हवालदार म्हणाला, मुलगी कुठे शिकते, तिथेही येऊन मैत्रिणींना विचारणार, स्वभावाने कशी आहे. या आठवड्यात केव्हाही. तर तुम्ही सगळ्यांनी एकच सांगायचं. शांत आहे. फार बोलत नाही. एका जागी तासन्‌तास बसते. सोनम, हसू नकोस, हसलीस तर तू समोर येऊच नकोस! आणि माधुरी, तू तर... अगं कोण आलं वर? जिन्यात बूट वाजले का कोणाचे? बघा ना कोणीतरी. नको, मीच बघते. नाही नाही, मी बसते. मी इथे बसते, तुम्ही बघा. सरका गं जरा, बसू द्या मला.